खिळा-बिळा नाही ना?

"ताई, आत खिळा-बिळा नाही ना?"

मिस्त्रीनं हे विचारलं तेव्हा मी फोनवर होते. एका कानात बोट घालून सुताराला दाराचं माप दुसऱ्यांदा सांगत होते, कारण नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या बाजारात, सकाळी अकराला स्वतःचा आवाजसुद्धा स्वतःला ऐकू येत नाही. फोनवर हात ठेवून मी म्हटलं, "नाही हो. घरचं झाड आहे." त्यानं मान हलवली, गळ्यातला दुपट्टा नाकावर ओढला आणि बटन दाबलं. आऱ्याचा पट्टा आधी दिसत होता, मग नुसता चकाकत राहिला. ट्रॉलीवर आमचा आठ फुटांचा साग, दोन्ही तोंडांना बाबांनी लावलेला तांबडा रंग पोपडे धरून. सालीकडची पहिली फळी निघाली. दुसरी निघाली. ओल्या भुशाचा नव्या कातडी पट्ट्यासारखा वास आला, आणि बारा वर्षं टिनाखाली पडलेलं लाकूड आतून इतकं ताजं, थोडं हिरवट सोनेरी निघालं की मी फोन ठेवूनच दिला. तिसरी चीर गाभ्याच्या जवळून चालली होती. अर्ध्यावर आली आणि आवाज बदलला. आधी घरघर होती, आता कुणीतरी ताटावर काटा ओढावा तशी किंचाळी. दोन ठिणग्या उडाल्या. मिस्त्रीनं हात वर केला, ट्रॉली ढकलणारा पोरगा मागे सरला, पण तोवर पट्टा पुढे गेला होता.

मशीन थांबली. त्यांनी दोन्ही अंगं अलग केली, पुस्तक उघडावं तशी. मधोमध काळं होतं.

"लोखंड हाय," मिस्त्री म्हणाला. आवाजात राग नव्हता, हिशेब होता. पट्ट्याचे दात बोटानं चाचपून पाहिले, तीन-चार गेले होते. मी पुन्हा तेच म्हटलं, थोडं ओशाळून, की अहो घरचंच झाड होतं, अंगणातलं. तेव्हा तो जे म्हणाला ते मी अजून डोक्यातून काढू शकलेले नाही. म्हणाला, "ताई, घरच्या झाडालेच तर राहते खिळे. जंगलातल्या झाडाले कोण खिळा ठोकून राहिला?"

शेजारी कडुनिंबाचे दोन ओंडके घेऊन नंबर लावून बसलेले एक काकाजी हसले. मी पट्ट्याचे दात घासायचे पाचशे रुपये वेगळे दिले.

छोटा हत्ती टेम्पोत पुढच्या सीटवर बसून घरी येताना सेंट्रल अव्हेन्यूवर सिग्नलला सिग्नल लागत होता आणि मी मान वळवून मागच्या काचेतून फळ्यांकडे बघत होते. काळा आकार वरच्याच फळीवर होता. वीतभर रुंद नाही, पण लांबीला हात-सव्वा हात, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला. समईची वात मोठी केली तर दिसावा तसा. मधे काळाभोर, कडेला निळसर, टोकांकडे पावसाळी राखाडी. एका बाजूनं त्याची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती, दुसऱ्या बाजूनं तो लाकडात विरघळत गेला होता. सरळ कडेला लागूनच एक चीर होती, केसाएवढी, वीत-दीड वीत लांब. गंमत म्हणजे ती बाहेर कुठेच पोचत नव्हती. ना सालीपर्यंत, ना ओंडक्याच्या तोंडापर्यंत. आतल्या आत सुरू होऊन आतल्या आत संपलेली. आणि काळ्याच्या पोटात खिळा. आऱ्यानं तो तिरपा कापला होता, बोरूच्या टोकासारखा. माझ्याकडच्या फळीत त्याचं डोकं आलं होतं, जोडीच्या फळीत टोक. कापलेली जागा इतकी चकचकीत की लोखंड कालच दुकानातून आणलं असावं.

लाकडातले डाग आणि भेगा मला नवीन नाहीत, हेच तर लागून राहिलं. माझे वडील वनखात्यात लेखनिक होते, नोकरीचा मोठा भाग बल्लारशाच्या डेपोत गेला. आम्ही नागपुरात, ते तिकडे. उन्हाळ्याच्या सुटीत आई आम्हा दोघांना घेऊन महिनाभर जायची आणि आमचं खेळणं म्हणजे डेपो. सागाच्या ओंडक्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येकाच्या तोंडावर नंबर आणि खात्याच्या हातोड्याचा ठप्पा. लिलावाच्या दिवशी व्यापारी पांढऱ्या कपड्यांत यायचे आणि ओंडक्यांच्या तोंडांकडे, लग्नाला मुलगी बघावी तसे, बराच वेळ बघत उभे राहायचे. आम्ही पण बघायचो. मी आणि धाकटा भाऊ. गाभ्यापासून चहूकडे फुटलेल्या भेगेला आम्ही चांदणी म्हणायचो. वलयाच्या कडेनं गेलेल्या गोल भेगेला कडं. पूर्ण कडं सापडलं की दोन गुण, कारण ते क्वचित मिळायचं. बाबा ओंडक्यावर हातोडीचा दांडा आपटून कान लावायचे. टण्ण आवाज आला की पुढे, भद्द आला की वहीत काहीतरी लिहायचे. मग त्यांचा तोंडी हिशेब: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, झालं घनफूट. शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकल्यावर मी त्यांना सांगितलं की तुमचं चुकतं, खरं लाकूड याहून जास्त भरतं, तुमच्या हिशेबात शंभरातलं साडेअठ्ठ्याहत्तरच येतं. ते म्हणाले, "उरलेलं साडेएकवीस आऱ्याच्या भुशाला. इंग्रज काय वेडा होता?"

सागाशिवायचा मालही असायचा आणि मला तोच जास्त आवडायचा. टेंभुर्णीचा बुंधा बाहेरून फिका गुलाबी आणि बरोबर मधे शाई सांडल्यासारखा काळा ठिपका, दरवेळी वेगळ्या आकाराचा. हाच तो आबनूसचा भाऊबंद, पण आमच्याकडे त्याची ओळख विडीच्या पानाची. बीजाच्या तुकड्यावर पाणी ठेवलं की रात्रीतून ते तपकिरी व्हायचं आणि उन्हात धरलं तर निळी झाक मारायचं. तिथला चौकीदार साखरेच्या आजारावर ते पाणी प्यायचा. खैराच्या आत क्वचित भेगा असतात आणि त्या भेगांत पांढरट खडे जमलेले सापडतात, त्याला खैरसाल म्हणतात. वैद्य लोकांना ते लागतं. मी एकदाच पाहिलं, कुणाच्या तरी तळहातावर, खोकल्याच्या औषधाच्या पुडीएवढं. झाडाच्या आत पोकळी होती आणि पोकळीत हे साठत होतं, आणि झाड बाहेरून साधं खैराचं काटेरी झाड. त्या वेळी हे मला देवाच्या करणीसारखं वाटलं होतं. आता खरं सांगायचं तर थोडी भीतीच वाटते.

भेगा का पडतात हे बाबांनी एकदा पोळीवर समजावलं होतं. तव्यावर पोळी सगळीकडून सारखी भाजली तर नीट राहते, एकीकडूनच भाजली तर कड उचलते. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वलयाच्या कडेकडेनं त्याच्या दुपटीनं. साग त्यातल्या त्यात शहाणा: ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत एकीकडे अडीच टक्के, दुसरीकडे पावणेसहा-सहा. ह्या फरकाचं ओझं कुठेतरी निघायला हवं, ते भेगेतून निघतं. शिवाय ओंडक्याच्या तोंडातून पाणी फार वेगानं उडतं, अंगातून हळू. म्हणून कापल्याबरोबर तोंडं रंगवायची. रंग कुठलाही चालतो, नसेल तर मेण, तेही नसेल तर शेणाचा लेप. आमच्या ओंडक्याला त्यांनी ग्रिलचा उरलेला रेड ऑक्साईड लावला होता, आणि दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा एक हात द्यायचे. ७४ वर्षांचा माणूस ४५ डिग्रीत स्टुलावर बसून एका ओंडक्याचं तोंड रंगवतोय हे दृश्य मी बरंच पाहिलं आहे आणि त्यावर बरीच चिडले आहे.

झाड त्यांनीच लावलेलं. मानेवाड्याकडे प्लॉट घेतला तेव्हा, १९७० च्या पावसाळ्यात, घराची पायरीसुद्धा झाली नव्हती तेव्हा. अंगणात साग कुणी लावत नाही. आंबा लावतात, पेरू लावतात. पण वनखात्यातल्या माणसाला सावलीपेक्षा सरळ खोडाची हौस. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतात, त्या लालीनं आम्ही शेजारच्या पोट्ट्यांना रक्त म्हणून फसवायचो. फेब्रुवारी-मार्चमधे वाळकी पानं गळायची तेव्हा रात्री अंगणात कुणी पापड मोडतोय असं वाटायचं. २०११ च्या जूनमधे, पहिल्या वादळात, झाड रस्त्याकडे कललं. मुळांशी माती फाटली होती. मग परवानगी, पंचनामा, आपलंच झाड पाडायला आपणच हात जोडून उभं राहणं. सागाचं लाकूड हलवायचं तर टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, लागते, ती कशी काढायची हे बाबांना पाठ होतं तरी ज्या टेबलावर त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद पाहिले तसल्याच एका टेबलासमोर त्यांना चार चकरा झाल्या. वरचा माल विकला. बुंध्याकडचा आठ फुटांचा तुकडा ठेवला. घेर चार फूट सात इंच. साडेदहा घनफूट, त्यांनी बोटांवर करून सांगितलं.

आणि मग तो चिरलाच नाही.

भावानं पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा म्हणाला, बाबा, दार करून घेऊ. "राहू दे, अजून वाळू दे." आमच्या स्वयंपाकघराचं दार वाळवीनं खाल्लं तेव्हा मी म्हटलं. "राहू दे." एक व्यापारी घरी येऊन बरा भाव सांगून गेला. त्यालाही नाही. मध्यप्रांत, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, जाऊन सत्तर वर्षं झाली तरी लाकूडवाल्यांच्या तोंडी तो अजून सीपी टीकच आहे, आणि बाबांना त्याचा अभिमान होता, त्यामुळे मला वाटायचं हा त्या अभिमानाचाच भाग असेल. बाबा जाऊन दोन वर्षं झाल्यावर, मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या आधी, मीच तो लकडगंजला नेला. एका अर्थी त्यांच्या नाहीवर पाय देऊनच.

भाऊ दिवाळीला आला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओसरीवर त्या दोन फळ्या मांडून बसलो, पन्नाशी ओलांडलेली मी आणि पन्नाशीला टेकलेला तो, डेपोतल्यासारखे. सागाची वलयं मोजायला सोपी असतात. उन्हाळ्यात झाड उघडं असतं, वाढ बंद. पाऊस पडला की नवी पालवी आणि मोठमोठी छिद्रं असलेलं लाकूड, त्याची एक स्पष्ट ओळ उमटते. एक ओळ म्हणजे एक पावसाळा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ सागाच्या ह्याच ओळींवरून जुने पावसाळे वाचतात. आम्हाला एवढंच वाचायचं होतं की खिळा कोणत्या साली ठोकला. खिळा बसला त्या क्षणी जी साल होती ती जागा सरळ कडेनं दिसतच होती. तिथून बाहेरच्या सालीपर्यंत किती ओळी, एवढं मोजायचं. फळी ओल्या फडक्यानं पुसली, टाचण्या टोचल्या, आईचं वाचायचं भिंग घेतलं. भावाच्या २६ आल्या. माझ्या २९. पुन्हा मोजल्या. त्याच्या २६, माझ्या २९. भांडण झालं, अगदी जुन्या पद्धतीचं. घोळ शेवटच्या इंचात होता. तिथल्या ओळी इतक्या दाटीवाटीच्या की नख ठेवलं तर चार झाकल्या जात. २००३ साली आम्ही अंगणात फरशी बसवली, बुंध्याला टेकवून, चिखल नको म्हणून. त्या वर्षापासून झाडानं हात आखडता घेतला होता. वादळानं पडलं असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो आहोत. त्या शेवटच्या इंचाबद्दल आम्ही दोघं काही बोललो नाही.

भावाचं म्हणणं १९८५, झोक्याचा खिळा. माझं म्हणणं १९८२, कपड्यांच्या दोरीचा. पण दोन्ही म्हणण्यांना एकच अडचण होती. बाबा झाडाला खिळा मारू देणारा माणूसच नव्हता. कॉलनीत कुणी कडुनिंबाला पाटी ठोकली की ते उभे राहून भाषण द्यायचे, लोखंड गेलं की लाकडाची किंमत गेली, आणि आऱ्यावर एखाद्याचा डोळा जातो. झोका लोखंडी पाइपावर होता. दोरी खिडकीच्या गजाला होती. आईला विचारलं. ती अनारसे डब्यात भरत होती. "कसला खिळा? यांनी मारू दिला असता का?" एवढं बोलून तिनं डब्याचं झाकण लावलं.

नंतरचे काही दिवस मी रात्री उशिरापर्यंत झाडांच्या जखमांबद्दल वाचत बसले. ॲलेक्स शायगो नावाचे एक संशोधक अमेरिकी वनखात्यात होते. झाडं आडवी न कापता चेन-सॉनं उभी चिरून त्यांनी हजारो खोडं आतून पाहिली आणि १९७७ साली त्यावर आपली मांडणी प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं असं की झाडाची जखम भरून येत नाही. आपल्या कातडीसारखं तिथे जुन्याच्या जागी नवं येत नाही. जखमी लाकूड आहे तसंच, आहे तिथेच राहतं, आणि झाड त्याच्या भोवती भिंती घालतं. वर-खाली एक, ती सगळ्यात कच्ची, म्हणून डाग लांबट होतो. आतल्या बाजूला एक, दोन्ही कुशींना एक. आणि चौथी, सगळ्यात पक्की, जखमेनंतर जी नवी वाढ होते तिच्या उंबऱ्यावर. त्या भिंतीच्या आत जे असेल ते कुजो, काळं पडो, बाहेरच्या नव्या लाकडाला त्याचा स्पर्श होत नाही. आमच्या फळीवरची ती पट्टीनं आखल्यासारखी कड म्हणजे ही चौथी भिंत. आणि ही भिंत कुजण्याला दाद देत नाही, पण ताकदीला कच्ची असते. पुढे वाऱ्यानं झाड वाकलं, लाकूड वाळलं, की नेमकी तिथेच वलयं एकमेकांपासून सुटतात. आमच्या खेळातलं कडं, दोन गुणांचं, ते बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या जखमेच्या भिंतीवरच पडलेलं असतं. लहानपणी हे माहीत असतं तर मी गुण किती दिले असते, कोण जाणे.

काळ्या रंगाचं कोडं त्या मानानं फारच घरगुती निघालं. लाकडातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आलं, ओल मिळाली, की शाई होते. जुन्या पोथ्या लिहायला हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, तीच ही. लोखंडी विळीवर कच्चं केळं चिरलं की पातं आणि बोटं काळी होतात, तेच हे. म्हणजे वर्षानुवर्षं, दर पावसाळ्यात थोडी थोडी, आमच्या अंगणात शाई तयार होत होती. नुसती शाई, अक्षर एकही नाही.

संक्रांतीच्या आधी आई तीळ निवडत होती आणि मी शेजारी बसून टीव्हीवर काहीतरी बघत होते. ती मान वर न करता म्हणाली, "पाटीचा होता तो."

मी टीव्ही बंद केला नाही. बंद केला असता तर ती थांबली असती.

पाटी होती टिनाची. 'येथे ब्लाउज व परकर शिवून मिळतील.' बाबा बल्लारशाला, पगार तिकडच्या आणि इकडच्या दोन चुलींत वाटलेला, माझी चौथी. आईनं शेजारच्या वहिनींकडून हप्त्यानं मशीन घेतली. घर आतल्या गल्लीत, पाटी कुठे लावणार? रस्त्यावरून दिसेल असं एकच होतं, झाड. तिनं खलबत्त्याच्या बत्त्यानं खिळा ठोकला. शनिवारी बाबा यायचे तेव्हा पाटी उतरवून पलंगाखाली, सोमवारी पहाटेच्या गाडीनं ते गेले की पुन्हा झाडावर. "दोन वर्षं चाललं. बरं चाललं." मग एकदा ते न सांगता बुधवारी आले.

मी विचारलं, मग? "मग काही नाही. रागावले नाहीत. पाटी काढली. खिळा काढायला गेले, तो निघाला नाही. सालीनं धरला होता. बराच वेळ हिसडत बसले." आईनं एक खडा बाजूला टाकला. "म्हणाले, शिवायचं तर शीव, पण झाडाला कशाला. मग मीच नाही शिवलं."

मशीनचा आवाज मला आठवतो. पाटी अजिबात आठवत नाही. दोन वर्षं मी त्या झाडाखालून शाळेत गेले-आले, मला पाटी वाचता येत होती, आणि तरी ती माझ्यात कुठेच नाही. माझी चौथी म्हणजे १९८२, आईच्या सांगण्यानं एकोणतीस वर्षं बरोबर आली, म्हणजे माझी मोजणी खरी ठरली, भावाला मी लगेच फोन करून सांगितलं, आणि तो म्हणाला, "जिंकलीस," आणि दोघंही गप्प झालो. बाबांचा राग यावा की न यावा हे मला अजून ठरवता येत नाही. ते वाक्य, शिवायचं तर शीव, त्यात अडवणूक कुठे आहे ते दाखवता येत नाही, आणि तरी मशीन बंद पडली. दुसरीकडे, दहा उन्हाळे त्या ओंडक्याचं तोंड रंगवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यांना माहीत होतं आत काय आहे. साल चढून खूण मिटली होती, पण जागा त्यांना माहीत असणार, जमिनीपासून किती फुटांवर, कोणत्या अंगाला. आऱ्यावर नेलं असतं तर मिस्त्रीनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला असता, आणि त्यांना माझ्यासारखं सहज नाही म्हणता आलं नसतं. हे मी म्हणते आहे. ते कदाचित खरोखरच लाकूड अजून वाळायची वाट बघत असतील.

बाकीच्या फळ्यांचं दार झालं, चांगलं झालं, बिजागरी कुरकुरत नाही. काळ्या डागाच्या दोन्ही फळ्या सुतारानं बाजूला काढल्या, दाराला चालणार नाहीत म्हणून. त्याच्याकडून मी तेवढाच तीन-तीन फुटांचा भाग कापून घेतला. टोकाची बाजू भाऊ पुण्याला घेऊन गेला. डोक्याची माझ्याकडे, देवघराच्या बाजूच्या भिंतीला टेकवलेली. मे महिन्यात, कूलरच्या आवाजाखाली घर भाजत होतं तेव्हा त्या केसाएवढ्या चिरेत लग्नपत्रिकेचा कोपरा आत जायला लागला. भावाला फोटो पाठवला. त्यानं त्याच्या फळीत पत्रिका घालून पाहिली, जात नव्हती. तिकडची हवा वेगळी. जुलै सरता सरता माझीही मिटली. आता आम्ही अधूनमधून एकमेकांना विचारतो, तुझी किती उघडली? त्याच्या बायकोला वाटतं बहीण-भाऊ कुठल्यातरी दुखण्याबद्दल बोलतात.

परवा दुपारी पाऊस धो धो पडत होता. आई भिंतीला धरून चालत देवघराकडे आली, फळीपाशी थांबली. खिळ्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं, मग अंदाज घेतल्यासारखी दोन बोटं उजवीकडे सरकवली.

"इथे ठोकायला हवा होता," ती म्हणाली. "पाटीचं भोक मधोमध नव्हतं. सारखी तिरपी लटकायची."